कापड सुटेपर्यंत

आमच्या गल्लीत त्याला सगळे मानखाली म्हणत. नाव त्याला होतं, दुकानाच्या पाटीवर रंगवलेलंही होतं, पण पाटी वाचतो कोण? खुर्चीत बसलेल्या माणसाच्या टाळूवर दोन बोटं टेकवून तो म्हणायचा, "मान खाली," आणि माणूस निमूट मान खाली घालायचा. मग तो बँकेचा साहेब असो, शाळेचा मुख्याध्यापक असो, नाहीतर साऱ्या गल्लीला दम भरणारा कोपऱ्यावरचा दांडगा असो. "माझ्यापुढे कुणाची मान वर राहिलीय का?" असं तो मला विचारायचा आणि स्वतःच हसायचा. विनोद एवढा एकच होता, पण रोज नवा असल्यासारखा करायचा.

माझं दुकान त्याला लागून. बॅगांच्या चेन बदलणं, तुटलेले पट्टे शिवणं हे माझं काम. आमच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. त्याची कात्री थांबली की मला कळायचं, माझं मशीन थांबलं की त्याला. "काय रे चेनवाल्या, मेलास की झोपलास?" असा आवाज फळीतून यायचा. मला चारचौघांत बोलता येत नाही. त्याला ऐकणारा हवा होता. तेवढ्यावर आमचं सगळं आयुष्य जमलं.

लिहायचीही मला सवय नाही. पण ज्यांना हे चांगलं लिहिता आलं असतं त्यांना तो ठाऊक नव्हता, म्हणून मी लिहितो आहे.

त्याच्या दुकानातली मुख्य वस्तू कात्री नव्हे, कापड. पांढरं, जाड सुती, मानेपाशी नाडी लावलेलं. ते हवेत एकदा फटकन झटकून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचा, मानेमागे गाठ मारायचा, आणि मग कापड सुटेपर्यंत गिऱ्हाइकानं हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. खाज सुटली तर सांगायचं, तो खाजवून देई. "कापडाखाली गेलेले हात तुझे नाहीत," म्हणायचा. "सुटलं की घेऊन जा तुझे हात घरी."

हा नियम त्याच्या वडिलांचा. दुकानही त्यांचंच. ते शिकाऊ कारागीर ठेवत, आणि शिकणाऱ्याला डोकं लागतं. फुकटचं डोकं घरातच होतं. लहानपणी आठवड्यातून एकदा तरी त्याला खुर्चीत पाट ठेवून त्यावर बसवलं जाई, कापड बांधलं जाई, आणि कुणीतरी नवा माणूस थरथरत्या हातानं त्याच्या डोक्यावर कात्री चालवायला शिके. कात्री कानाला लागे. हलायचं नाही. हललास तर आणखी लागेल, असं वडील सांगत. सगळं झालं की ते मागे आरसा धरत, आणि यानं मानेवरून हात फिरवून म्हणायचं, "छान झालं."

"रक्त आलं तरी?" मी एकदा विचारलं होतं.

"आलं तरी. शिकणाऱ्याचा हात खचू नये ना! बाजारातले निम्मे कारागीर माझ्या डोक्यावर शिकलेत, चेनवाल्या. हे बघ प्रमाणपत्र." आणि त्यानं उजव्या कानाच्या पाळीवरची खाच दाखवली. हसत होता. हसतानाच सांगायचा ही गोष्ट.

पण स्वतः त्यानं कधी शिकाऊ ठेवला नाही. कामाची गर्दी असे, लोक बाकड्यावर ताटकळत, त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, एखादा हाताखाली घ्या. तो उडवून लावायचा. "आणि शिकवू कुणाच्या डोक्यावर? तुझ्या?"

विसरणं सुरू झालं ते आधी आम्ही हसण्यावारीच नेलं. मुख्याध्यापकांचे केस त्यानं सकाळी कापले आणि संध्याकाळी ते रस्त्यानं जाताना त्यांना हाक मारली. "सर, अहो काय हे, किती वाढलेत केस! या, बसा." आणि सर बिचारे भिडेखातर पुन्हा बसले. बाहेर आले ते जवळजवळ गोटा करून. गल्ली आठवडाभर हसली. मग एकाची अर्धीच मिशी राहिली. मग एक दिवस फळीपलीकडे कात्री बराच वेळ वाजेना म्हणून मी डोकावलो. गिऱ्हाईक कापडाखाली बसून होतं, आणि हा हातातल्या कात्रीकडे बघत उभा होता, कुणाची तरी वस्तू आपल्या हातात राहून गेल्यासारखा.

दुकान बंद केलं. खुर्ची घरी आणली. त्याच्या घराची पुढची खोली लहान आहे, खुर्ची ठेवल्यावर दार पुरतं उघडेना. पण खुर्ची नसली तर तो दिवसभर दारापाशी उभा राहून म्हणे, "दुकान उघडायचंय."

मुलगी परगावी, तिचा संसार तिकडे. इथे वहिनी एकट्या. त्याला अंघोळ नको असे, घास तोंडात धरून बसे, नखं कापायला गेलं की हात हिसडे. वहिनींच्या दंडावर वळ उठलेले मी पाहिले आहेत. मग एकदा दाढी फार वाढली म्हणून त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि ते कापड त्याच्या गळ्यात बांधलं. तो पुतळ्यासारखा बसला. दाढी झाली, नखं झाली, औषधही गेलं.

"भाऊजी, जादू झाली हो," मला सांगायला त्या जिना उतरून दुकानापर्यंत आल्या. "नुसतं कापड बांधलं! एवढी वर्षं त्यांनी जगाला गप्प बसवलं, आता मी त्यांना बसवलं."

तेव्हापासून जेवताना कापड, औषधाला कापड. आणि संध्याकाळी मी गेलो की उलटा खेळ. मी खुर्चीत बसायचो. तो कापड झटकायचा, अगदी पूर्वीसारखं, फटकन. मागे गाठ मारायचा. आजूबाजूचं सगळं विसरला होता, पण ती गाठ विसरला नव्हता. एका हातात कंगवा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांची कात्री. "मान खाली." माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही नाही, पण तो मन लावून कापायचा. शेवटी मागे स्टीलची ताटली धरायचा आरसा म्हणून. मी म्हणायचो, "छान झालं." "झालं ना? मग ऊठ, लोक खोळंबलेत."

वहिनी आतल्या दाराला टेकून बघत उभ्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "तेवढ्या वेळात मी माझ्या नवऱ्याला बघून घेते."

अशात संशोधन केंद्राचं निघालं. ज्या इस्पितळात त्याला दाखवत होतो तिथल्याच मागच्या इमारतीत ते होतं. हा विसरण्याचा आजार कसा वाढतो ते तपासायला त्यांना माणसं हवी होती. काही महिन्यांच्या अंतरानं पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी सुईनं काढायचं, असं तीन वेळा. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी आम्हा तिघांना बसवून सगळं नीट सांगितलं. मी साक्षीदार आहे, काही लपवलं नाही.

"याचा आजोबांना काही उपयोग होणार नाही," त्या म्हणाल्या. "हे औषध नाही. पुढच्या लोकांना कदाचित होईल. सुई दुखते. तुम्ही नाही म्हणालात तरी इथले उपचार आहेत तसेच चालू राहतील."

वहिनी मान डोलवत होत्या.

"आणि तुमची सही असली तरी मी प्रत्येक वेळी आजोबांना विचारणार. त्यांना शब्दांत सांगता येणार नाही, म्हणून मी बघणार. त्यांनी हात मागे घेतला, ढकललं, उठले, रडले, नुसतं तोंड वाकडं केलं तरी तो त्यांचा नकार. आम्ही तिथेच थांबणार."

याहून चांगलं कुणी काय सांगेल? मला त्या बाई तेव्हा आवडल्या. आजही मी त्यांना नावं ठेवत नाही.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "उपयोग होणार नाही असं त्यांना म्हणावंच लागतं, भाऊजी. उद्या गुण नाही आला तर आपण भांडायला जाऊ म्हणून. पण एवढे मोठे लोक उगीच का पाणी काढतील? बघतील, तपासतील, काहीतरी सापडेलच की."

"त्या म्हणाल्या ना, वहिनी, की..."

"म्हणू दे हो." त्यांनी त्याची कॉलर सारखी केली. "माझ्याजवळ दुसरं काय आहे?"

मी गाडी बघायला रस्त्याकडे गेलो.

पहिल्या वेळी काही जमलंच नाही. त्याला पाठीला उघडा असा झगा घातला, टेबलाच्या कडेला बसवलं. डॉक्टरबाईंनी समोर वाकून विचारलं, "आजोबा, पाठीतलं थोडं पाणी काढू का?" तो म्हणाला, "हो." तो सगळ्यालाच हो म्हणे. पण नर्सनं पाठीला गार बोळा लावताच त्यानं तिचा हात झिडकारला आणि झग्यातच दाराकडे निघाला. डॉक्टरबाईंनी लगेच सगळं थांबवलं. "आज नको म्हणतायत. ठीक आहे. पुढच्या वेळी पुन्हा विचारू, आणि तेव्हाही नको असलं तर आपण सोडून देऊ." खरंच त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र दहावीत नापास झालेल्या मुलाच्या आईसारखं काहीतरी होतं. गाडीत त्या त्याला म्हणाल्या, "एवढं सुद्धा करवत नाही तुमच्यानं माझ्यासाठी?" तो खिडकीतून दुकानांच्या पाट्या बघत होता.

पुढच्या वेळी त्यांच्या पिशवीत कापड होतं.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार बंद झालं, आणि बऱ्याच वेळानं उघडलं तेव्हा वहिनी हसत बाहेर आल्या. "एकदासुद्धा हलले नाहीत! डॉक्टरबाई म्हणाल्या, आज आजोबा किती छान बसले."

डॉक्टरबाईंनी कापडाचं विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, त्यांच्या दुकानाचं आहे, अंगावर असलं की त्यांना बरं वाटतं. हे खोटं नव्हतं. बाईंना ते आवडलं. ओळखीची वस्तू जवळ असावी असं त्यांच्याकडेही सांगतात म्हणे. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा बघितलं. हात मागे आला नाही, तोंड वाकडं झालं नाही. त्यांनी सुई घातली.

त्यानंतरच्या वेळी नर्सला मदत करणारा माणूस आला नव्हता, म्हणून मानखालीला पुढून आधार द्यायला मला आत बोलावलं. तो टेबलाच्या कडेला बसला होता, पोटाशी उशी, गळ्यात कापड, पाठ उघडी. नर्स त्याच्या मागे गेली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "आजोबा, मान खाली."

त्यानं मान खाली घातली.

मी त्याचे खांदे धरले होते. डॉक्टरबाई मागून विचारत होत्या, "आजोबा, चालेल ना? थांबू का?" तो गप्प. सुई आत गेली तेव्हा मला खांद्यांत काहीच जाणवलं नाही. माणूस दचकतो, शहारतो, निदान श्वास रोखतो. यातलं काही नाही. कापडाखाली मात्र त्याच्या गुडघ्यांवर कापड दोन ठिकाणी गोळा झालं होतं, आतून मुठीत धरल्यासारखं. ते बाईंना मागून दिसणं शक्य नव्हतं, आणि मला दिसलं तरी त्याचा अर्थ लगेच लागला नाही.

सगळं झालं. पट्टी लावली. वहिनींनी गाठ सोडून कापड काढलं. तेव्हा त्यानं मान वर केली, हात मागे नेऊन मानेवरून फिरवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "छान झालं."

डॉक्टरबाईंना बरं वाटलं. त्या हसल्या. "थँक यू, आजोबा."

माझे हात त्याच्या खांद्यांवरून खाली आले. त्याच्या कानाची खाच माझ्या डोळ्यांसमोरच होती.

बाहेर येताच मी वहिनींना सांगितलं. मला नीट सांगता आलं नसेल. मी म्हणालो, तो लहानपणी बसायचा तसा बसतोय. त्याला दुखतंय, पण कापड आहे म्हणून हलत नाहीये. तो हो म्हणत नाहीये, वहिनी.

"स्वतःच्या तोंडानं छान झालं म्हणाले ना?"

"तेच तर..."

"मग झालं तर." त्या कापडाची घडी घालत होत्या. कडा कडेला जुळवून, पुन्हा उलगडून, पुन्हा जुळवून. "आता एकदाच राहिलंय. एवढं केलं आणि एकासाठी सोडायचं?"

त्या संध्याकाळी त्यांनी जेवायला कापड बांधलं. तो बसला. त्यांनी घास पुढे केला तर त्यानं मान खाली घातली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत, आणि पाठ वाकवली. वहिनींनी हनुवटी धरून वर केली. पुन्हा खाली. त्याच्या डोळ्यांतून पाणी कापडावर पडत होतं. हात आत होते, ते बाहेर आले नाहीत. त्यांनी घाईनं गाठ सोडली. तो मानेवरून हात फिरवून म्हणाला, "छान झालं." खुर्ची ओली झाली होती.

हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना रडल्या नाहीत. "भाऊजी, तुम्ही बरोबर होतात," एवढंच म्हणून, मी दुरुस्त करायला घेतलेल्या कुणाच्यातरी बॅगेची चेन उघडझाप करत राहिल्या.

आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. वहिनींनी सगळं सांगितलं, वडिलांचं दुकान, शिकाऊ, आरसा, सगळं. बाई ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या.

"पण त्यांनी एकदाही हात मागे घेतला नाही," त्या म्हणाल्या. वाद घालण्यासाठी नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "मी बघत होते. प्रत्येक वेळी बघत होते."

"कापडाखाली हलायचं नसतं, बाई."

"मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"मला तरी कुठे कळलं? मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय."

बाईंनी त्याला त्याच वेळी संशोधनातून काढलं. मग विचारलं की आधी काढलेलं पाणी आहे, त्याचं काय करायचं. तुम्ही म्हणाल तर नष्ट करतो, नाहीतर कामाला येईल.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, ते शहाणे असताना काय म्हणाले असते?"

फळीपलीकडून मी त्याला आयुष्यभर ऐकलं आहे. पण हे मला सांगता येईना. ज्यानं लहानपणी स्वतःचं डोकं सगळ्या बाजाराला दिलं, तो कदाचित म्हणाला असता, घ्या, शिकणाऱ्याला लागतंच. आणि ज्यानं दुसऱ्या कुणाचं डोकं शिकाऊच्या हाती कधी दिलं नाही, तो म्हणाला असता, खबरदार. दोन्ही तोच होता. "मला खरंच माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो.

"राहू द्या मग," त्या बाईंना म्हणाल्या. "फेकलं तरी त्यांच्या पाठीत थोडंच परत जाणार आहे?"

मी संध्याकाळी जात राहिलो. दोनतीन दिवस त्यानं कापडाला हात लावला नाही. वहिनींना आशा होती, निदान तो खेळ तरी उरेल. म्हणून एकदा त्यांनीच मला खुर्चीत बसवलं, माझ्या गळ्यात कापड बांधलं आणि कंगवा त्याच्या हातात दिला. "अहो, गिऱ्हाईक आलंय."

तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. कंगवा खाली पडल्याचा आवाज आला. मग त्याची बोटं माझ्या मानेवर आली, गाठीशी. ती गाठ सोडायचा प्रयत्न करत होता. आयुष्यभर न बघता सोडलेली गाठ त्याला सुटेना. तो वाकला, त्याची दाढी मला मानेला टोचली, आणि त्यानं दातांनी नाडी ओढली. कापड माझ्या मांडीवर पडलं. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"जा," तो कुजबुजला. "आत्ता कुणी नाहीये. पळ."

मी वळून बघितलं. त्यानं मला ओळखलं नव्हतं. तो दाराकडे बघत होता, कुणी येतंय का ते. आणि मी उठत नाही असं बघून त्यानं मला काखेत हात घालून उठवलं, दारापर्यंत नेलं आणि बाहेर काढून दार लावून घेतलं. तो स्वतः आतच राहिला.

आता तो बसत नाही. खुर्ची भंगारवाल्याला दिली, कापड वहिनींनी धुऊन पेटीच्या तळाशी टाकलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. तो साध्या खुर्चीवर बसत नाही, पलंगाच्या कडेलाही नाही. दमून कोसळेपर्यंत उभा असतो. गळ्याशी टॉवेल नेला तरी अंग चोरतो. केस खांद्यावर आले आहेत, दाढी छातीवर. सगळ्या गल्लीच्या माना ज्यानं साफ ठेवल्या त्याच्या मानेवर मळाचा थर आहे, आणि तिथे कुणालाही हात लावता येत नाही. डॉक्टरबाई दोनदा घरी येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, कारण त्यांना बघून त्यानं मान खाली घातली.

तो जेवतो तेवढं उभ्यानं. वहिनी वाटी घेऊन त्याच्या बाजूला उभ्या राहतात. आता त्या घास थेट तोंडाशी नेत नाहीत. चमचा वाटीवर धरतात आणि विचारतात, "देऊ का?"

तो भिंतीकडे बघत असतो. पूर्वी सगळ्याला हो म्हणायचा, आता तेही म्हणत नाही. वहिनी थांबतात. पुन्हा विचारतात, "देऊ का हो?" आणि थांबतात. मी बाकड्यावर बसून हे बघतो. वाटीतलं गार होतं, वर साय धरते. मग त्या भरलेली वाटी तशीच घेऊन आत जातात.